बिऱ्हाड हलवितांना

बिऱ्हाड हलवावयाचें म्हणजे सामान बांधावयाचें, अशी पुष्कळांची समजूत असते. बांधलेलें सामान एका दारांतून बाहेर पडेल काय आणि दुसऱ्या दारांतून आंत शिरेल काय, हा प्रश्न मात्र टेंपो येईपर्यंत कोणास सुचत नाहीं.

वैजापूरच्या जुन्या पिढ्यांना तो सुचवावा लागत नसे. गांवचें स्टेशन म्हणजे रोटेगांव, आणि तें गांवाबाहेर. १९०० सालीं निजामी राज्यांत गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. मुंबईकडे जाणाऱ्याचें सामान आधीं बैलगाडीनें रोटेगांवास, तेथून मीटरगेजनें मनमाडास, आणि तेथें रूळांची रुंदीच बदलत असल्यामुळें उतरवून पुन्हां दुसऱ्या गाडींत चढवावें लागे. पेटी, वळकटी आणि भांड्यांचें पोतें, याहून अधिक नेण्याचा मोह शहाणा माणूस कशाला धरील?

आतां तालुक्यांतून समृद्धि महामार्ग जातो. मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजीं पुरा खुला झाला. त्यावर ट्रॅक्टरला, दुचाकीला व तीनचाकीला मज्जाव आहे. शेजाऱ्याची ट्रॉली फुकट मिळते म्हणून तींत संसार भरणारानें जुनाच रस्ता धरावा. पण खरी अडचण रस्त्याची नसतेच. ती असते पहिल्या व शेवटच्या शंभर पावलांची.

जुन्या वैजापुरांतील एका कुटुंबाची हकीगत घ्या. मुलगा छत्रपति संभाजीनगरास चौथ्या मजल्यावर राहतो. म्हाताऱ्या आईस त्यानें आपल्याकडे न्यावयाचें ठरविलें. आईची अट एकच : सासूबाईंचें सागवानी कपाट बरोबर आलें पाहिजे. टेंपो आला, आणि बोळाच्या तोंडाशींच थांबला.

"भाऊ, गाडी आंत यायची नाहीं. वळणावर पन्हाळ आडवी येते. अन् त्या दोन मोटारसायकली कोणाच्या?"

मुलानें तो बेत रद्द केला आणि दोन्हीकडचीं मापें घेतलीं. कपाट साडेतीन फूट रुंद, दोन फूट जाड. तिकडील लिफ्ट सहा माणसांची. माणशीं ६८ किलो या हिशेबानें ४०८ किलो वजन तिला चालतें. वजनाची भीति नव्हती. पण आंतील लांबी सव्वातीन फूट! तीन इंचांसाठीं गाडें अडलें. जिन्याचें वळण तर त्याहून अवघड.

"आई, कपाट इथेंच ठेवूं या."

"मग मलाही इथेंच ठेव."

अशा हट्टाला हंसणें सोपें असतें. मुलानें हंसून न घेतां गांवांतील एका वृद्ध सुतारास बोलाविलें. कपाटाला खिळा म्हणून नव्हता, सर्व सांधे लांकडी खुंट्यांचे. म्हाताऱ्यानें खुंट्या ठोकून काढल्या व फळ्यांवर खडूनें आंकडे घातले.

राहिला जागेचा प्रश्न. इमारतीखालील वाहनतळाची तुळई खालीं असल्यानें भरलेला टेंपो आंत जात नव्हता; त्याला फाटकाबाहेरच उभें राहणें भाग. बिऱ्हाडाला रविवार सर्वांस सोयीचा वाटतो, आणि नेमक्या त्याच दिवशीं सर्वांच्या मोटारी घरीं असतात! म्हणून मंगळवार धरला. चिटणिसांची परवानगी आधींच घेतली. फाटकाशीं गाड्या लावणाऱ्या दोघां शेजाऱ्यांस आदल्या रात्रीं भेटून विनंति केली. वैजापुरास पहांटे, दुकानें उघडण्यापूर्वीं, हातगाडीनें सामान चौकांत आणून भरलें. टेंपो अकराला पोंचला, तेव्हां कचेरीचीं माणसें निघून गेलीं होतीं आणि फाटकाशीं जागा मोकळी होती.

खुंट्यांची पुरचुंडी आईनें प्रवासभर ओटींत धरली होती. बरोबर आलेल्या सुतारानें तिसऱ्या प्रहरीं कपाट उभें केलें. त्याचें एक दार अजून किंचित् घासतें.