वाटणी झाली, विहीर एकच

(अफजलपूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, लिनक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टम, १९९१, हेलसिंकी, लिनस टोरवाल्ड्स, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सोडतो ते. सगळे उबुंटूकडे जातात, मग काही जण डेवुअन, व्हॉइड असल्या आडवाटेच्या लिनक्सकडे का वळतात? कुणी म्हणतं, जुनं मशीन चालतं म्हणून. कुणी म्हणतं, मिरवायला. (हशा) असेलही थोडं. माझं मत वेगळं आहे, घरचे ते जेवताना रोज ऐकतात: ही वाटणीची गोष्ट आहे.

डेबियन हे लिनक्सचं १९९३ पासूनचं एकत्र कुटुंब. उबुंटूही तिथूनच निघालं. अशा घरात पहाटे आधी उठून बाकीच्यांना कामाला लावणारा एक गडी असतो, त्याला इनिट म्हणतात. जुना गडी एवढंच करायचा. नवा आला सिस्टमडी. तो उठवतो, नोंदवही लिहितो, कोण आलं-गेलं तेही बघतो. कामाला वाघ, खोटं कशाला बोलू! पण सगळ्या किल्ल्या एकाच्याच कमरेला? फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडीची निवड झाली. नोव्हेंबरात काही जण वेगळे निघाले, ते डेवुअन. पहिली स्थिर आवृत्ती यायला मे २०१७ उजाडला.

आता गंमत. आपल्याकडे दहा एकर वाटलं की पाच-पाच, पहाणीच्या उताऱ्यावर नवं नाव, बांधावर नवी केस. इथं वेगळा होणारा अख्खे दहा एकर नेतो आणि थोरल्याचेही दहाच राहतात. लायसन्सच तसं आहे. (मागून : "आमच्या भावाला सांगा!") पत्ता द्या, सांगतो.

आमच्या आजोबांनी आणि चुलत आजोबांनी बांधावरच्या एका बाभळीपायी बोलणं टाकलं. विहीर मात्र एकच. सोमवारी यांची मोट, मंगळवारी त्यांची. तोंड बघायचे नाहीत, पण यांचा नाडा तुटला की पहाटे थारोळ्यावर त्यांचा नाडा ठेवलेला असायचा. कुणी ठेवला, दोन्ही घरांत कुणी विचारायचं नाही. आजी सांगायची, एकदा तर बैलसुद्धा... असो, ते लांबेल.

डेवुअनचंही तसंच. बहुतेक पॅकेजेस थेट डेबियनच्या विहिरीतून येतात; सिस्टमडीला चिकटलेली तेवढी हे लोक नव्यानं बांधतात. ("विहीर आटली तर?") आटलीच की! ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. माझा जुना लॅपटॉप ३२-बिटच. हसू नका, अजून चालतो! त्यावर मी व्हॉइड टाकलं. ते कुणाच्या वाटणीतलं नाही, २००८ साली एका माजी नेटबीएसडीवाल्यानं स्वतःची विहीर खणली, तिथं...

("सर, टाइम आयतु.")

आयतु? संपली वेळ? बरं. लिनक्सचे पेनड्राइव्ह दोनच आणलेत. भाऊ-भाऊ आले असाल तर एकच न्या, कॉपी होते.