भिंतीवरची कला आणि कलावंताचें नांव



जासईच्या आसपास, उरणच्या आगरी लग्नांत, धवले गाणारी धवलारीण आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. उत्तरेस डहाणूकडे वारल्यांच्या लग्नांतहि धवलेरी गाते, आणि सुवासिनी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें पालघट देवीचा चौक लिहितात. लग्न आटोपलें कीं चित्राचें कार्य संपलें. लिहिणारीचें नांव कोणीं विचारावें?

ही बायकांची विद्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं उचलली. विधीची वाट न पाहतां ते नित्य चित्रें काढूं लागले. भातशेती, मासेमारी, तारप्याभोंवतालचा नाच, सारें त्यांत आलें. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनीं त्यांचा हात ओळखला आणि त्यांना कागदाकडे वळविलें. केकू व खोर्शेद गांधी या दांपत्यानें १९६३ सालीं मुंबईच्या जहांगीर कलादालनांत ‘केमोल्ड’ ही चित्रशाला काढली होती. जेथें हुसेन, तय्यब मेहता यांचीं चित्रें लागत, तेथेंच १९७५ सालीं मशे यांचीं लागलीं.

या घटनेचें मर्म काय? वारली चित्र तोंवर ‘आदिवासींची नक्षी’ होतें; आतां तें एका माणसाची कृति ठरलें. पुढें १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ सालीं पॅरिसचें प्रदर्शन आणि २०११ सालीं पद्मश्री, असा मान त्यांस मिळाला. २०१८ सालीं ते निवर्तले.

कोणी म्हणतील, देवीचा चौक बाजारांत नेला. आक्षेप पोकळ नाहीं. परंतु आज तींच त्रिकोणी माणसें यंत्रानें छापून कापडावर नि कपबशांवर विकलीं जातात. तेथें ना देवी उरते, ना चितारी. २०१४ सालीं वारली चित्रास भौगोलिक मानांकन मिळालें खरें. पण कायदा समाजाच्या हक्काचें रक्षण करील, चित्र काढणाऱ्या हाताची ओळख करून देणार नाहीं. तें काम चित्रशालेनें केलें. मात्र एकाच नांवापुरतें. ज्यांच्याकडून ही विद्या आली त्या सुवासिनी बहुतेक अनामच राहिल्या.

हें उणें चित्रशालेनें एकटीनें भरून निघणारें नाहीं. घेणाऱ्यानेंहि आपला वांटा उचलला पाहिजे. दिवाणखान्यासाठीं असें चित्र घेतांना तीन प्रश्न अवश्य विचारावे: हें काढलें कोणीं, गांव कोणतें, आणि त्या हातांस मिळालें किती? उत्तर मिळेल तेथेंच घ्यावें, आणि तें नांव चौकटीखालीं लिहून ठेवावें.