मणभर कापूस आणि मणभर लोखंड



"मणभर लोखंड जड, की मणभर कापूस?" हा प्रश्न आपणांपैकी बहुतेकांना लहानपणी कोणी ना कोणी घातलेला असेल. मूल घाईने "लोखंड" म्हणते, भोवतालची मंडळी हसतात, आणि "अरे, दोन्ही सारखेच!" असे त्याला शिकवण्यात येते. माझे म्हणणे एवढेच की, ते मूल काही वेडे नव्हे. निदान आपल्या कोकणात तरी त्याच्या उत्तराला चांगला आधार होता.

शेर, मण, खंडी ही नावे आपल्याकडे वजनाचीही होती आणि मापाचीही. गूळ शेराने तागडीत जोखायचा. तांदूळ त्याच नावाच्या शेराने, म्हणजे भांड्याने, मोजायचा. चिपटे, मापटे, शेर, चार शेरांची पायली, आणि वर जाता जाता मण नि खंडी. आता पेण-रोह्याच्या मंडळींना पोह्यांविषयी मी काय सांगावे? शेराचे माप पोह्यांनी भरा, तेच माप तांदळाने भरा आणि दोन्ही तागडीत घाला. तांदळाचे पारडे खाली जाते, आणि तरीही दोन्ही शेरभरच! इथल्या गणपतीच्या कारखान्यांतही हेच. एकाच उंचीची मूर्ती शाडूची आणि प्लास्टरची. कोणती जड, हे उचलणाऱ्याच्या खांद्याला विचारा. गिऱ्हाईक मात्र मूर्ती फुटा-इंचांत सांगते. मनात माप ठेवून मूल "लोखंड" म्हणते, ते अगदी बरोबर म्हणते.

यात हसण्यासारखे थोडे आणि रडण्यासारखे पुष्कळ होते. वजनात कापसाने कितीही फुगावे, काटा फसत नाही. मापाचे तसे नाही. भात अलगद ओतले तर पायली लवकर भरते. तीच पायली हलवून, ठोकून भरली तर तिच्यात आणखी मुठी मावतात. वर शीग लावली तर त्याहून अधिक. हात फिरवून सपाट केलेली पायली आणि शीग लावलेली पायली, दोघींचे नाव एकच. तेव्हा माप कोणाच्या हाती आहे, यावर कुळाच्या घरात किती भात उरणार हे ठरावयाचे. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालवला, तो खोत आणि कूळ यांच्यातील वाट्याचा लढा होता. त्याचे कारण पायली होती असे मी म्हणत नाही, पण ज्याला वाटा धान्याने द्यावयाचा, त्याला "मण म्हणजे किती?" हा प्रश्न कोड्यातला वाटत नसतो.

बरे, माप सोडून वजनालाच यावे, तर तिथे तरी उत्तर एक होते काय? मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर रेल्वेचा, म्हणजे बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, जवळजवळ तिप्पट! आणि खंडीची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. मुंबईची साधी खंडी वीस मणांची, म्हणजे ५६० पौंडांची. कापसाची खंडी मात्र अठ्ठावीस मणांची, ७८४ पौंडांची. म्हणजे साध्या खंडीने लोखंड तोलले आणि बाजाराच्या खंडीने कापूस तोलला, तर कापूस २२४ पौंडांनी, शंभर किलोंहूनही अधिक, जड! हसणारे आणि मूल दोघेही चुकले, आणि बाजी कापसाने मारली. ही खंडी अजून गेलेली नाही. आजही कापसाचा भाव खंडीला बोलला जातो, आणि ती खंडी सुमारे ३५६ किलोंची असते.

या गोंधळातून देशाला बाहेर काढणारा वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला. त्याच्या जोडीची दशमान नाणी १९५७ च्या एप्रिलपासून आली. त्या नाण्यांचा कायदा १९५५ साली झाला, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे बालपण आपल्या रोह्यात गेले.

आता तरी किलोभर लोखंड आणि किलोभर कापूस सारखे झाले ना? काट्यावर झाले खरे. पण पाण्यात बुडवलेली घागर जशी हलकी लागते, तशीच हवेतली प्रत्येक वस्तू हवा थोडी उचलून धरते. लोखंड आटोपशीर, त्याच वजनाच्या कापसाचे नुसते तंतू घेतले तरी ते त्याच्या पाचपट जागा अडवतात. म्हणून कापसाला हवेचा आधार जास्त मिळतो, आणि काटा बरोबर उभा राहिला की कापसाच्या पारड्यात वस्तुतः काकणभर अधिक माल असतो. काच झाकून आतली हवा काढून घेतली, तर कापसाचे पारडे खाली जाईल. फरक किलोमागे साधारण अर्ध्या ग्रॅमहून थोडा अधिक. जुन्या हिशेबाने पाचएक गुंजा. कापसाचा व्यापारी तो हसून सोडून देईल. सोनार मात्र पाच गुंजा सोडणार नाही.