प्रथिनांचा प्रश्न आणि श्रमिकाचे ताट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने प्रथिनांवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आहारशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु ताटात काय पडते आणि काय पडत नाही हे ठरविणाऱ्या गोष्टी, म्हणजे मजुरी, किंमत, पीकपद्धती आणि सरकारी खरेदी, या मात्र माझ्या विषयातल्या आहेत. भारतीयांच्या आहारात प्रथिने कमी आहेत असा घोष सध्या जाहिरातींतून चालला आहे, आणि घोष संपण्याच्या आतच भुकटीचा डबा पुढे केला जातो. उणीव खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती कोणाची आहे, कशामुळे आहे आणि तिच्यावरचा उपाय कोणता, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. स्नायू, रक्त, पाचकरस, रोगाशी झुंजणारी द्रव्ये, या सर्वांची घडण प्रथिनांतून होते. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. आहार मुख्यतः धान्याचा असेल तर किलोमागे १ ग्रॅम धरावे लागते. आकडा राक्षसी नाही. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम, तुरीच्या डाळीत २२, शेंगदाण्यात २५ आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात.

परंतु येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक अशी की शरीराची पहिली मागणी ऊर्जेची असते. पोट अर्धे असेल तर खाल्लेली प्रथिनेही सरपणासारखी जळतात. घरबांधणीचे लाकूड चुलीत जावे तसे. दुसरी अशी की नुसत्या धान्याची प्रथिने अपुरी असतात. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल फारच थोडे आहे, डाळीत ते भरपूर आहे; डाळीत जे उणे आहे ते धान्यात मिळते. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात तुरीचे पाटे घालीत आणि ताटात भाकरीशेजारी आमटी वाढीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बसलेला हा मेळ पुढे प्रयोगशाळेने खरा ठरविला.

या दोन गोष्टींपैकी पहिली विसरल्याने जगाने एकदा मोठी चूक केली. १९३०च्या दशकात आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी अंगावर सूज येणाऱ्या बालरोगाचे वर्णन केले आणि त्याचे स्थानिक नाव, क्वाशिओरकोर, वैद्यकाला दिले. पाठचे भावंड आल्यामुळे आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा हा रोग. त्यावरून पुढे गरीब देशांतील सगळ्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटीत आहे असा सिद्धान्त रूढ झाला. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली प्रथिनांविषयीचे खास सल्लागार मंडळ निघाले. १९६८ साली येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा इशारा देणारा अहवाल प्रसिद्ध झाला. माशांचे पीठ, तेलबियांच्या पेंडीची भुकटी, इतकेच काय, पेट्रोलियमवर वाढविलेल्या सूक्ष्मजीवांपासूनही प्रथिने काढण्याचे उद्योग सुरू झाले.

या लाटेविरुद्ध उभे राहिलेल्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते. भारतात प्रथिनांची तूट दिसते ती बहुतांशी उष्मांकांच्या तुटीमुळे, हे त्यांनी आकडेवारीने मांडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनीही तेच दाखविले. लहान मुलांना चौदा महिने रोज सुमारे ३१० उष्मांकांचा, पण जेमतेम ३ ग्रॅम प्रथिनांचा जादा खाऊ दिला, तरी त्यांची उंची व वजन वाढले. मुलांना मुळात अन्नच कमी पडत होते. १९७३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने गरजेचे प्रमाण खाली आणले आणि जगाची ‘प्रथिनतूट’ बरीचशी कागदावरच विरली. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाला फजिती असेच नाव दिले.

भुकेल्याला भुकटी देऊन भागत नाही, हा धडा मोलाचा होता. १९७२च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. माझी आई खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे, ती आम्हा भावंडांसाठी पदरात बांधून आणी. सुकडीची चव आम्हांला अजून आठवते. पण घर तगले ते आठवड्याच्या मजुरीवर आणि त्या मजुरीतून आणलेल्या मिलोच्या भाकरीवर.

मात्र त्या धड्यातून आपण दुसरी चूक जन्माला घातली, आणि ती आजही चालू आहे. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा दिवसाला २२५० उष्मांकांवर आखली. १९७९ साली सरकारी कार्यगटाने खेड्यात २४०० आणि शहरात २१०० हे आकडे घेतले. नेहमीच्या आहारात उष्मांक पुरले की प्रथिनेही पुरतात, असे गृहीत त्यामागे होते. पण ‘नेहमीचा आहार’ म्हणजे डाळ असलेला आहार! गरिबी उष्मांकांत मोजायची आणि उष्मांक गहू-तांदळाच्या पोत्यांत, असा व्यवहार राज्यकर्त्यांना सोयीचा वाटला. आणि ज्या पायावर ते गृहीत उभे होते तो पायच खचत गेला.

पुरावा सरकारी आहे. देशात दरडोई दररोज मिळू शकणारी डाळ १९५१ साली सुमारे ६१ ग्रॅम होती, १९६१ साली ६९. १९८१ साली ती ३७ वर आली आणि २००१ साली ३० वर. पुढे ती काहीशी सावरली, पण १९६१ची पातळी परत आली नाही. हरितक्रांतीने गहू-तांदूळ दिले हे उपकार कोणी नाकारणार नाही. परंतु पाणी, संशोधन आणि खात्रीची सरकारी खरेदी या तिन्ही गोष्टी त्या दोन पिकांच्या वाट्याला गेल्या. पंजाब-हरियाणातला हरभरा हटला आणि कडधान्ये कोरडवाहू शेतकऱ्याच्या गळ्यात पडली. त्याची अवस्था २०१५ ते २०१७ या काळात सर्वांनी पाहिली. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांवर पोचली. शेतकऱ्याने भरवशाने तूर पेरली. पीक उदंड आले आणि बाजार हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ५०५० रुपयांच्या, खाली कोसळला. एप्रिल २०१७मध्ये खरेदीकेंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या आणि बारदान नाही म्हणून मापे थांबली. एका वर्षी खाणारा मेला, दुसऱ्या वर्षी पिकविणारा.

आता मजुराच्या बाजूने हिशेब करा. पाच माणसांच्या घरात १९५१च्या सरासरीइतकी, म्हणजे माणशी ६० ग्रॅम डाळ शिजवायची तर महिन्याला ९ किलो लागेल. किलोला १५० रुपये धरले तर १३५० रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती आणि केंद्राच्या कायद्याची हमी कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांची. म्हणजे महिन्याला सरासरी २४७५ रुपये. त्यातले निम्म्याहून अधिक नुसत्या डाळीला! म्हणूनच आमटीत पाणी वाढते. आणि त्या पातळ आमटीचीही वाटणी घरात समान होत नाही. माझी आई सर्वांचे जेवण झाल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेले वाढून घेई. तळाशी डाळ असते असे कोणी म्हणेल. आमच्या तळाशी ती नसे. गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची गरज सर्वांत जास्त, आणि तिचा क्रम शेवटचा.

प्रौढ माणूस पोटभर भाकरी खाऊन कसाबसा निभावून नेतो. दोन वर्षांचे मूल ते करू शकत नाही. त्याचे पोटच लहान, त्यात धान्य किती मावणार? त्याला थोड्या घासात अधिक सत्त्व हवे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. घाणेरडे पाणी, वारंवारची हगवण, आईचे अशक्तपण ही कारणेही त्यात आहेत. सगळा दोष प्रथिनांवर टाकणे म्हणजे जुन्या चुकीकडे परत जाणे होय. पण नुसत्या तांदळाच्या पोत्याने हे मूल उंच होणार नाही, हेही तितकेच खरे.

मग करावयाचे काय? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. डाळीचा दिला नाही. ते अशक्य आहे असे म्हणता येत नाही. २०२०च्या टाळेबंदीत केंद्र सरकारने काही महिने शिधापत्रिकेमागे १ किलो डाळ वा हरभरा फुकट दिला होता. तमिळनाडूने २००७पासून रेशनवर स्वस्त तूरडाळ दिली. रेशनवर डाळ आली म्हणजे ती हमीभावाने खरेदी करावी लागेल. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि मजुराला वरण. एका धोरणाने दोघांचे हित साधण्याचे प्रसंग अर्थशास्त्रात फार येत नाहीत.

शाळेतल्या जेवणाचेही तसेच. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा वेगळा निधी थांबविला. ज्याला अंडे नको त्याला केळे द्या, त्याच्या श्रद्धेचा मान राखा. पण ज्याला हवे आहे त्याच्या ताटातले काढून घेऊ नका. आणि या सर्वांच्या मुळाशी पुरेशी मजुरी हवी, कारण रेशनची डाळ ही पूरक आहे, कमाईला पर्याय नव्हे.

ज्याच्या ताटात दूध, डाळ, मांस आधीच आहे तो डबा विकत घेतो. जास्तीची प्रथिने शरीर साठवू शकत नाही, त्यातला नत्र लघवीवाटे जातो. ज्याला उणीव आहे त्याला डबा परवडत नाही. आपण कार्यकर्ते आहात. वस्तीत गेल्यावर ‘जेवलात का?’ एवढे विचारून थांबू नका. आज आमटीत डाळ किती घातली होती आणि घरातली बाई कोणत्या क्रमाने जेवली, हे विचारा. प्रथिनांच्या प्रश्नाचे खरे सर्वेक्षण तेथून सुरू होईल.