यंत्राचे देणे कोणाच्या खात्यावर?

(गोंदिया येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युरोपच्या औद्योगिक धोरणाचा विचार गोंदियासारख्या धान-विडीच्या जिल्ह्यात बसून कशासाठी करावयाचा, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका कराराच्या एका कलमात आहे. 18 एप्रिल 1951 रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी पॅरिस येथे कोळसा व पोलाद समुदायाच्या करारावर सह्या केल्या. आजच्या युरोपीय संघाचा तो पाया. त्या कराराचा गौरव राष्ट्राराष्ट्रांतील वैर मिटविणारा म्हणून नेहमी होतो. पण त्यातील 56 व्या कलमाचा उल्लेख क्वचितच कोणी करतो. नवी यंत्रे किंवा नव्या उत्पादनपद्धती आल्यामुळे या उद्योगांतील मजुरांची गरज फार मोठ्या प्रमाणावर घटली आणि त्यांना अन्यत्र काम मिळणे अवघड झाले, तर नवे काम मिळेपर्यंत त्यांना निर्वाहभत्ता द्यावा, नव्या धंद्याचे शिक्षण द्यावे, दुसरीकडे जाऊन राहण्याचा खर्च द्यावा, अशी तरतूद त्या कलमात होती. त्यासाठी लागणारा पैसा कोळसा आणि पोलाद यांच्या उत्पादनावर आकारणी करून उभा करावयाचा होता. ही आकारणी सर्वसाधारणपणे उत्पादनमूल्याच्या एक टक्क्याच्या आत असे. ज्या देशाला मदत हवी त्याच्या सरकारने तितकीच रक्कम आपल्या तिजोरीतून घालावी, अशीही सामान्यतः अट होती.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. यंत्र येऊ नये असे हे कलम म्हणत नव्हते. यंत्र आणल्याने जो फायदा होतो त्याच्या हिशेबात, यंत्रामुळे ज्याचे काम गेले त्याचे देणेही लिहिले पाहिजे, एवढेच ते म्हणत होते. डेव्हिड रिकार्डोने 1821 साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवे प्रकरण घातले आणि यंत्र मजुराच्या हिताला बाधक ठरू शकते, ही आपली आधीची चूक मोकळेपणाने कबूल केली. विद्वानाने कबूल केलेली ही गोष्ट कराराच्या कलमात उतरावयास पुढे 130 वर्षे लागली, आणि तीही कोणाच्या औदार्याने उतरली नाही. युद्धोत्तर युरोपात कामगार संघटना बलिष्ठ होत्या आणि राज्यकर्त्यांना साम्यवादाचे भय होते. शिवाय मदत पुरेशी होती असेही नव्हे. बेल्जियमच्या बोरिनाज भागातील खाणी बंद पडल्या तेव्हा तेथील वस्त्यांचे जे झाले ते काही केवळ भत्त्याने भरून येण्यासारखे नव्हते. तरीही देणे कोणाचे हे तेथे कागदावर ठरले होते.

आता गोंदियाकडे वळू. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. गावोगावच्या तळ्यांवर, बोड्यांवर आणि पावसावर पिकणारे धान एके काळी घरोघरी उखळ-मुसळाने किंवा ढेकीने कांडले जाई. ढेकीवर दोघी-तिघींनी पायाने तुळई दाबावयाची, एकीने खळग्यातील धान हाताने हलवावयाचे, हे काम किती कष्टाचे, हे ज्यांनी केले त्या स्त्रियांनाच ठाऊक. त्या कष्टांचे गोडवे शहरी माणसाने गाऊ नयेत. हलर आला, दहा मिनिटांत पोते निघू लागले, तेव्हा घरची बाई सुटली. ही सुटका खरीच होती. मात्र कांडपाचे काम करणाऱ्या स्त्रिया दोन प्रकारच्या होत्या. एक स्वतःच्या घरचे धान कांडणारी. दुसरी परक्याचे धान कांडून त्याबदल्यात तांदूळ, कणी, कोंडा घरी नेणारी भूमिहीन बाई. पहिलीचे कष्ट गेले, दुसरीची मजुरी गेली. यंत्र एकच, त्याचा हिशेब मात्र दोन घरांत उलटा. गावाच्या सरासरीने हा प्रश्न पाहणाऱ्या अर्थशास्त्राला ही दुसरी बाई दिसतच नाही.

सगळ्यांनाच ती दिसली नाही असे मात्र नव्हे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीसाठी 1955 साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ग्रामोद्योगांविषयीच्या आपल्या उद्दिष्टांत पहिलेच उद्दिष्ट हे ठेवले, की परंपरागत धंद्यांत आणखी तांत्रिक बेकारी शक्यतो होऊ देऊ नये. तीन वर्षांनी, 1958 साली, संसदेने भात गिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला. नव्या गिरणीस परवाना देताना सरकारने काय पाहावे याची जी यादी त्यात होती, तीत त्या भागात धान किती उपलब्ध आहे, वीज-पाणी आहे की नाही, यांच्या जोडीला आणखी एक बाब होती: या गिरणीमुळे त्या परिसरात मोठी बेकारी निर्माण होईल काय? भारतीय कायद्याने यंत्राला दारातच अडवून विचारलेला हा प्रश्न आहे. युरोपचे कलम काम गेल्यानंतर पैसे देत होते. हा कायदा काम जाण्याआधी प्रश्न विचारत होता. त्या दृष्टीने तो एक पाऊल पुढेच होता म्हणावयाचा.

उणीव होती ती अशी की प्रश्न होता, पण पिशवी नव्हती. बेकारी होईल असे उत्तर आले तर परवाना नाकारणे एवढाच उपाय. परवाना दिला तर काम गेलेल्या बाईसाठी एक पैसाही कोठे बाजूला काढलेला नव्हता. आणि परवाना नाकारणे हे धनिक गिरणीमालकाच्या विनंतीपुढे कितपत टिकले असेल, याची कल्पना कार्यकर्त्यांना आहेच. पुढे खुद्द सरकारच हलर टाकून द्या, रबरी रोलरचे शेलर बसवा, असा आग्रह धरू लागले. हलरमध्ये तांदूळ जास्त तुटतो आणि कोंडा तुसात मिसळून तेल काढावयास निरुपयोगी होतो, हे त्यामागचे कारण अगदी खरे होते. परंतु छोट्या हलरवाल्याने भांडवल कोठून आणावे? म्हणजे ज्याने कांडपवालीला हटविले होते त्याच्यावरच आता मोठ्या गिरणीने हटविले जाण्याची पाळी आली. 1997 साली हा कायदाच रद्द झाला. परवाना-राज गेले म्हणून त्याचे स्वागत झाले. त्या राजाबरोबर तो प्रश्नही गेला, याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

विडीची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. जंगलात तेंदूपत्ता, गावात रिकामे हात, आणि गोंदियाला रेल्वेचे जंक्शन, या तिहींच्या बळावर येथे विडीचा धंदा वाढला. कारखाना नावाचाच, खरे काम घराच्या ओसरीवर. पत्ता भिजवावयाचा, फर्म्याने मापून कात्रीने कापावयाचा, तंबाखू भरून वळावयाचा, दोऱ्याने बांधावयाचा. हजार विड्यांना दिवस जातो, आणि सट्टेदार त्यातून छाट काढतो ती वेगळीच. या धंद्यात यंत्र आले नाही याचे श्रेय पुष्कळदा परंपरेला दिले जाते. वस्तुतः त्याला करधोरणाचाही हातभार होता. केंद्रीय उत्पादनशुल्काने यंत्राविना केलेल्या विडीला वेगळे आणि सवलतीचे स्थान दिले होते. कराचा दर हेही तंत्रज्ञानाचे धोरणच असते, ही गोष्ट अर्थसंकल्पावर बोलणाऱ्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी.

1966 साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला. मालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. ओसरीवर बसून वळणारी बाईही कामगारच, हे त्यामुळे पक्के झाले. 1976 साली विडीवर उपकर बसला आणि त्यातून कल्याणनिधी उभा राहिला: दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरकुलांना साहाय्य. वस्तूवर आकारणी करावयाची आणि ती वस्तू निर्माण करणाऱ्या हातांसाठी ती राखून ठेवावयाची, हे तत्त्व पॅरिस करारातल्यासारखेच होते. येथे पिशवी होती. परंतु धंदा उतरणीला लागल्यावर या स्त्रियांनी कोणत्या कामाकडे वळावे, हा प्रश्न त्या पिशवीला कोणी नेटाने विचारला नाही.

तंबाखू हे विष आहे, विडीचा खप घटणे हितकारकच आहे, हे समाजवाद्यांनी आडपडदा न ठेवता म्हटले पाहिजे. ‘विडी वाचवा’ ही मालकांची घोषणा कामगारांच्या मोर्च्यात शिरते तेव्हा चळवळ मालकाचे काम फुकटात करीत असते. वाचवावयाचे आहे ते वळणारीचे घर. नेमके ज्या काळात हा निधी पर्यायी कामासाठी मोठा करावयास हवा होता त्याच काळात, 2017 साली, वस्तू व सेवा कर लागू होताना हा उपकर रद्द करण्यात आला. विडीवर 28 टक्के कर लागला, म्हणजे आकारणी कमी झाली नाही, उलट वाढली. फक्त ती कोणाच्या नावाची हे पुसले गेले. कल्याणयोजना आता अर्थसंकल्पातील तरतुदीवर, म्हणजे दरवर्षीच्या कृपेवर, अवलंबून राहिल्या. 1966 चा कायदाही 2020 च्या श्रमसंहितेत विलीन झाला आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली.

युरोपातही वारे फिरले आहे. कोळसा-पोलाद करार पन्नास वर्षांची मुदत संपून 2002 साली लयाला गेला. 2023 साली चिप-निर्मितीसाठी तेथे खास कायदा झाला. 2024 साली मारिओ द्रागी यांच्या अहवालाने वर्षाला 750 ते 800 अब्ज युरोंची जादा गुंतवणूक मागितली. अमेरिका आणि चीन यांच्या पुढे जाण्याची ही भाषा आहे. मात्र कोळशाचे प्रदेश सावरण्यासाठी 2021 साली तेथे वेगळा निधी स्थापन झाला, तेव्हा जुन्या कलमाचा आत्मा पुरता गेला असे म्हणता येणार नाही. दिल्लीने युरोपकडून आणि इतरांकडून उचलले ते पहिले अंग. 2020 पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाच्या योजनांना 14 क्षेत्रांत मिळून सुमारे 1.97 लाख कोटी रुपये, आणि 2021 साली अर्धवाहक उद्योगासाठी 76,000 कोटी. भांडवलाला पिशवी आहे, आणि काम गेलेल्याला प्रश्नसुद्धा नाही.

या जिल्ह्यात हा प्रश्न उद्याचा नाही. धानाच्या बांध्यांत कापणीला हार्वेस्टर उतरतो आहे. कापणी, बांधणी, चुरणे या कामांवर ज्यांची दिवाळीनंतरची मजुरी अवलंबून होती त्यांना तो बाजूला सारतो आहे, आणि जनावरांची तणसही शेतातच वाया जाते आहे. गिरण्यांत सॉर्टेक्स यंत्राचा डोळा काळा दाणा टिपतो. पूर्वी सूप घेऊन बसलेल्या बायांचा डोळा तो टिपत असे. तिरोड्याचा 3300 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प कोळशावर चालतो. जग कोळशापासून दूर जाऊ लागले की तेथील कंत्राटी मजुराचे काय, हे विचारण्याची वेळ तो बंद पडल्यावर येऊ नये.

हार्वेस्टर अडवा, सॉर्टेक्स फोडा, असे कोणी म्हणत नाही. मागणी करावयाची ती 1958 चा प्रश्न आणि 1976 ची पिशवी एकत्र आणण्याची, आणि गोंदियात त्यासाठी जागाही तयार आहे. आधारभूत किमतीने मार्केटिंग फेडरेशन व आदिवासी विकास महामंडळ यांनी घेतलेले धान भरडाईसाठी खाजगी गिरण्यांना दिले जाते. क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यावयाचा, कोंडा-कणी गिरणीवाल्याची, वर भरडाईचा दर. येथे गिऱ्हाईक सरकारच आहे. तेव्हा ज्या करारात तांदळाचे किलो लिहिले जातात त्याच करारात क्विंटलमागे काही पैसे मजुरांच्या निधीसाठी लिहावयास कोणता नवा कायदा लागतो?

कोणत्या गिरणीत किती धान गेले याची नोंद सरकारी दप्तरात असतेच. कोणत्या गावात किती स्त्रियांचे कापणीचे, पाखडण्याचे, विडीचे काम गेले, ही नोंद मात्र कोठेही नाही. तालुका शाखांनी ती घरोघर फिरून, नावानिशी आणि गेल्या पाच वर्षांच्या मजुरीच्या दिवसांसह, पुढच्या खरिपाची खरेदी सुरू होण्यापूर्वी तयार करावयाची आहे.