टॉर्चला कॅमेरा कशाला?



मी टॉर्चचं एक साधं अ‍ॅप केलं होतं. एका आजोबांनी कळवलं, "उजेडासाठी कॅमेऱ्याची परवानगी कशाला? फोटो काढता काय माझे?" शंका रास्तच. पण अँड्रॉइडच्या लेखी फ्लॅशचा दिवा तेव्हा कॅमेऱ्याचाच भाग. कॅमेरा हाती घेतल्याशिवाय तो लागत नसे. मी तसं सविस्तर लिहिलं. त्यांनी अ‍ॅप काढून टाकलं.

२०१५ साली अँड्रॉइड ६ आलं आणि कॅमेऱ्याच्या परवानगीशिवाय नुसता टॉर्च लावायची सोय झाली. (एव्हाना बऱ्याच फोनांत टॉर्च आयताच येऊ लागला होता, ते सोडा!) नव्या फोनांपुरती ती परवानगी मी लगेच काढली आणि आजोबांना कळवलं. उत्तर आलं, "घेतलं परत. आता बटण मोठं करा, अंधारात चष्मा सापडत नाही."

बटण पडदाभर केलं.