क्रम गृहीत धरू नये
(वाशीम येथील संगणक-व्यावसायिकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)





आपण आज ज्या गावात जमलो आहोत, ते वाकाटकांचं वत्सगुल्म. 1939 मध्ये इथे दुसरा विंध्यशक्ती या वाकाटक राजाचा ताम्रपट उजेडात आला. नांदीकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या भागातलं एक गाव दान दिल्याची ती नोंद आहे. दान कोणाकोणाला दिलं हे सांगताना कोरणाऱ्याने नुसती नावं देऊन काम भागवलं नाही, नावाबरोबर गोत्रही कोरलं. नावं सारखी निघू शकतात, हक्क मात्र ज्याचा त्यालाच मिळाला पाहिजे, असा त्याचा अर्थ मी लावतो. यादीतल्या नोंदीची ओळख पक्की कशी करायची आणि तिचा क्रम गृहीत का धरू नये, हाच माझा आजचा विषय आहे.

आपलं बरंचसं काम आता स्क्रिप्टवर चालतं. यादी घ्यायची आणि तिच्यातल्या प्रत्येक नोंदीवर तेच काम करायचं: तहसीलच्या संगणकांवर अपडेट टाकायचं, वापरकर्त्यांची खाती उघडायची, गावनिहाय फाइली काढायच्या. लूप बरोबर लिहिला असेल तर शेकडो गावांचं काम काही मिनिटांत होतं. चुकीचा असेल तर तितक्याच वेळात शेकडो गावांचं काम बिघडतं, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात काही उमटतही नाही.

पहिली गोष्ट याद्या जोडण्याची. उदाहरण घरचंच घेऊ. आपल्या जिल्ह्याचे सहा तालुके देवनागरीत लिहून सॉर्ट करा. कारंजा, मंगरुळपीर, मानोरा, मालेगाव, रिसोड, वाशीम असा क्रम येतो. तेच रोमन लिपीत सॉर्ट केले, तर कारंजानंतर मालेगाव, मग मंगरुळपीर, मग मानोरा. पहिलं आणि शेवटची दोन नावं जागेवर राहतात, मधली तीन हलतात. आता एका फाइलीत तालुके मराठीत आहेत, दुसरीत इंग्रजीत आहेत, आणि कोणी दोन्ही सॉर्ट करून ओळीला ओळ जोडली, तर मंगरुळपीरचे आकडे मालेगावच्या नावावर चढतात. एकूण बेरीज तंतोतंत जुळते, म्हणून तपासणीतही काही सापडत नाही. दोन याद्या ओळीच्या जागेवरून कधीही जोडू नयेत. जोडायच्या त्या कीवरून, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या स्वतंत्र ओळखीवरून.

आणि की म्हणून नाव चालत नाही. मालेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे, कारंजा वर्धा जिल्ह्यातही आहे. आपल्याच कागदपत्रांत कुठे वाशिम लिहिलेलं असतं, कुठे वाशीम. माणसाला ते एकच गाव वाटतं, संगणकाला दोन. म्हणून जनगणनेने गावांना संकेतांक दिले आहेत. 2011 च्या जनगणनेतला गावाचा संकेतांक सहा अंकी आहे. तो हाताशी असताना नावावरून जुळवाजुळव करणं म्हणजे चूक होण्याची वाट पाहणं आहे.

दुसरी गोष्ट सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रांसाठी. मायकेल डीहान यांनी 2012 मध्ये अ‍ॅन्सिबल आणलं, तेव्हापासून एक तत्त्व आपल्या अंगवळणी पडलं आहे: तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली, तर काहीही बदलता कामा नये. पण इथे क्रम आड येई. पायथनच्या डिक्शनरीत घातलेल्या क्रमानेच नोंदी बाहेर येतील, ही हमी भाषेने 3.7 या आवृत्तीपासून, 2018 मध्ये दिली. त्याआधी अशा डिक्शनरीवर लूप फिरवून कॉन्फिगरेशनची फाइल तयार केली, की मजकूर तोच राहून ओळी वरखाली होत. स्क्रिप्टला वाटे, फाइल बदलली. मग ती सेवा रीस्टार्ट करी. रुबी 1.8 च्या काळात पपेट वापरणाऱ्यांनी हेच भोगलं आहे. उपाय एका शब्दाचा होता आणि आजही तोच आहे: लूपच्या आधी सॉर्ट. जिन्जा टेम्प्लेटमध्ये त्यासाठी ‘डिक्टसॉर्ट’ हा फिल्टर आहे. आजची आवृत्ती क्रम राखते एवढ्यावर विसंबून हा फिल्टर गाळू नका. उद्या डेटा दुसऱ्या ठिकाणाहून आला, तर येतानाचा क्रम वेगळा असेल.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. पायथनचं ‘इटरटूल्स’मधलं ‘ग्रुपबाय’ फक्त लागोपाठच्या सारख्या नोंदी एकत्र करतं. यादीत आधी कारंजाचे शेतकरी, मग रिसोडचे, मग पुन्हा कारंजाचे असतील, तर कारंजाचे दोन गट पडतात. लूप प्रत्येक गटासाठी तालुक्याच्या नावाची फाइल लिहीत असेल, तर दुसरी फाइल पहिलीवर चढते आणि पहिल्या गटातले सगळे शेतकरी यादीतून नाहीसे होतात. एररही येत नाही. हे टाळायला गट पाडण्याआधी तालुक्यानुसार सॉर्ट करावं, आणि लूप संपल्यावर आत गेलेल्या व बाहेर आलेल्या नोंदींची संख्या ताडून पाहावी. ही तपासणी दोन ओळींची आहे. तिच्यावाचून कोणतीही यादी कार्यालयाबाहेर जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगतो.

सॉर्ट म्हटलं की कोणता क्रम, हेही सांगावं लागतं. गट नंबर मजकूर म्हणून साठवले, तर 10 हा 2 च्या आधी येतो. आडनावांचं त्याहून नाजूक आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या मागोमाग येतं, आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर आहे. म्हणून साध्या सॉर्टमध्ये काळे हे कावरे यांच्या आधी लागतात आणि क्षीरसागर ‘क’च्या घोळक्यात सापडतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेल्या यादीत एखादी आजी नातवाला घेऊन आपलं नाव शोधते, तेव्हा ती शाळेत शिकवलेल्या क्रमाने शोधते. तिला नाव मिळालं नाही, तर ती समजते की नाव आलंच नाही. युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहात मराठीसाठी वेगळा क्रम दिलेला आहे आणि आयसीयू लायब्ररीतून तो वापरता येतो. भिंतीवर लागणाऱ्या प्रत्येक यादीसाठी तो वापरणं हे आपलं कर्तव्य आहे.

वाशीम 2018 पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आपली प्रगती आकड्यांवर मोजली जाते, आणि त्या आकड्यांना आपल्या स्क्रिप्ट हात लावतात. म्हणून या मेळाव्यापुढे मी तीन कामं ठेवतो. सहाही तालुक्यांच्या गावांची संकेतांकासह एक सामायिक यादी आपण मिळून तयार करू आणि सगळ्यांच्या स्क्रिप्ट तीच वाचतील असं पाहू. मराठी क्रम लावणारं एक छोटं मॉड्यूल लिहून ते सर्वांना मोकळं करू. आणि नव्या मुलांना लूप शिकवताना पहिल्या दिवसापासून सॉर्ट, की आणि शेवटची मोजणी या तिन्ही गोष्टी एकत्र शिकवू. पुढच्या मेळाव्यात भाषणांआधी या तीन कामांचा हिशेब मांडला जावा, एवढीच अध्यक्ष म्हणून माझी मागणी आहे.